घडीराम आणि आजोबांची पोटरी

सकाळी साडेसात. कराडच्या मैदानावर रस्सीखेचीचा सराव चालू असताना शाल्मली आणि तिचे आजोबा एकाच झटक्यात आडवे झाले. दोघांच्याही पोटरीचा स्नायू फाटला. दोराच्या दुसऱ्या टोकाला घरकाम करणारा यंत्रमानव घडीराम होता. त्याने आधी दोराची नीट घडी घातली, मग रुग्णवाहिका बोलावली.

महिन्याभरात शाल्मली उड्या मारू लागली. आजोबा काठीवरच. गल्ली विरुद्ध यंत्रमानव हा सामना जवळ आला होता, आणि दोराच्या शेवटी आजोबांसारखं पाय रोवून उभं राहणारं दुसरं कोणी नव्हतं.

"दुखापत सारखी, दिवस तोच. मग तुमचंच घोडं कुठे पेंड खातंय?" शाल्मलीने विचारलं. "चोरून भजी खाल्लीत ना?"

"भज्यांना मध्ये आणू नकोस." आजोबा स्नायूंचेच शास्त्रज्ञ, म्हणून जास्तच चिडले होते. "जा, सरावाचा सदरा घालून ये."

सदरा काही मिळेना. घडीरामने घरभरचे कपडे घड्या घालून, आवळून बांधून कपाटात कोंबले होते.

"एकही कपडा हरवलेला नाही, ताई," घडीराम म्हणाला.

"असून काय उपयोग? निघतच नाहीये!"

"माझ्या पोटरीत हेच झालंय," आजोबा म्हणाले. "स्नायूच्या कडेला उपग्रह पेशी (झोपलेल्या राखीव पेशी) असतात. इजा झाली की त्या उठतात, वाढतात, नवे तंतू तयार करतात. ते कसं करायचं, हे जनुकांत (शरीर घडवणाऱ्या सूचनांत) असतं. पण जनुकांचा लांबलचक धागा गुंडाळलेला असतो. सैल भाग वाचता येतो, घट्ट भाग नाही. सूचना तीच ठेवून तिची घडी उघडायची किंवा मिटायची, याला अधिजनुकीय नियंत्रण म्हणतात. वय झालं की चुकीच्या घड्या पडतात. काही आजारांतही पडतात. मग स्नायू नीट भरून येत नाही."

"मग सगळ्याच घड्या सोडा की!" शाल्मलीने गाठोडं ओढलं. धबाधब कपडे कोसळले. आजोबांच्या डोक्यावर आजीचा परकर आला.

"बघ," आजोबा परकरातून म्हणाले. "सगळ्याच सोडल्या तर पेशी भलतंच काहीतरी करत सुटतील. नेमकी एकच घडी उघडायला हवी."

तसं औषध त्यांच्याच प्रयोगशाळेत चाचणीला होतं. रीतसर परवानगी मिळाली आणि गेल्या आठवड्यात ते टोचलं. आज सकाळच्या तपासणीत पोटरीतल्या काही पेशी जाग्या झालेल्या दिसल्या. त्या स्नायू घडवतील का, हे अजून कळलेलं नाही. सामना पंधरवड्यावर आहे. घडीरामने आजोबांच्या काठीचीही घडी घातली आहे. ती सरळ होत नाही. त्यामुळे तूर्त आजोबा शाल्मलीच्या खांद्यावर हात ठेवून मैदानाला फेऱ्या मारत आहेत.