पहिल्या हाकेला ओ

सर्व्हर म्हटलं की लोकांना काचेची थंडगार खोली दिसते. आमच्या लॅबचा सर्व्हर टेबलाखाली होता. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला पाण्याचे रिकामे जार. नांदेडला बाजारपेठेत, मेडिकलच्या वर पहिल्या मजल्यावर ही रक्ततपासणीची लॅब. भोकर, उमरी आणि हिमायतनगरला तिची छोटी केंद्रं आहेत. तिथलं मशीन रिपोर्टांची फाइल करून आमच्या सर्व्हरकडे पाठवतं. तिथून ती लातूरला जाते, मुख्य लॅबचे डॉक्टर रामलिंग सर सही करतात आणि मग पेशंटच्या हातात कागद पडतो.

हे सगळं इतकी वर्षं शेषेराव नावाच्या ऑपरेटरनं लिहिलेल्या स्क्रिप्टवर, म्हणजे सर्व्हरला दिलेल्या लेखी सूचनांवर, चाललं होतं. शेषेराव रिटायर होऊन भोकरला गेले, रिपोर्ट रखडायला लागले आणि सरांनी मला फोन केला. सर्व्हर बसवून देणं हाच माझा धंदा.

"विशाखा, फायली आपोआप यायला-जायला पाहिजेत. माणसाचा हात नको. एका दिवसात करून दे."

"एका दिवसात होत नाही सर. होतं म्हणणाऱ्याला बोलवा."

या बाईची हीच अडचण आहे, असं सर नंतर तनुजाला म्हणाले. तनुजा लॅबची टेक्निशियन. तिनं ते लगेच माझ्यापर्यंत पोचवलं. अडचण असेल तर असू दे. मी आले.

मे महिना. एसी होता तो रक्ताच्या फ्रिजच्या खोलीत. मी फरशीवर बैठक मारून मॉड्यूल बसवायला घेतले. मॉड्यूल म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेलं तयार काम. आपण ते आपल्या सर्व्हरवर बसवून घ्यायचं आणि वापरायचं. पण त्यांचं लग्नातल्या मानपानासारखं असतं. एकाला बोलवा, तो म्हणतो आधी माझ्या साडूला आणा. साडू म्हणतो मामाला आणा. त्यात दोनदा लाइट गेली. दुपारपर्यंत सगळे पाहुणे एकदाचे पंगतीला बसले.

मग शेषेरावांची जुनी स्क्रिप्ट उघडली. केंद्राचं मशीन फाइल पाठवण्याआधी सर्व्हरला कनेक्शन मागतं, म्हणजे एका अर्थी हाक मारतं. शेषेरावांची स्क्रिप्ट पहिल्या हाकेला गप्प. दुसऱ्या हाकेला गप्प. तिसऱ्या हाकेला दार उघडायची. रिपोर्ट रखडत होते ते यामुळं.

मला आधी हसू आलं आणि मग डोकं फिरलं. कारण ही खोड मला ओळखीची होती.

आमच्या घरात भुताखेतांना उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. वडील शिक्षक, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, अंगारा-धुपारा करणाऱ्याला भर रस्त्यात झापणारे. आईही विहारात पहिल्या रांगेत बसायची. तरी बाहेरून कुणी बोलावलं तर आई तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. तिच्या आजीनं शिकवलेलं. माणसाला गरज असली की माणूस तीनदा बोलावतं, ते मात्र एकदाच बोलावतं.

"ते म्हणजे कोण?" मी विचारायची.

"मला काय माहीत," आई म्हणायची. "मी कधी ओ दिली न्हाई."

शाळेतून आल्यावर दारात उभं राहून तीनदा ओरडायचा मला इतका वैताग होता की सांगता सोय नाही. शेषेरावांच्या त्या ओळी मी सगळ्या उडवल्या. माझा सर्व्हर पहिल्या हाकेला ओ देणार होता.

आणि दिली की. भोकरची फाइल आली, उमरीची आली, हिमायतनगरची आली. तनुजानं चहा मागवला. चहा येईपर्यंत चौथी फाइल आली.

आमची केंद्रं तीन. चौथ्या फाइलवर केंद्राच्या नावाची जागा कोरी होती. पाठवणाऱ्या मशीनचा पत्ता असतो, तीही जागा कोरी. आत एकच रिपोर्ट होता. नाव हरिओम. तपासण्यांचे सगळे रकाने रिकामे आणि शेवटी शेरा: नमुना मिळाला.

"हरिओमनं रक्त दिलं होतं का?" मी विचारलं.

"त्याला सुईची भीती वाटते मॅडम," तनुजा म्हणाली.

कुणीतरी चाचणीसाठी पाठवली असेल, असं म्हणून मी ती पुसून टाकली.

हरिओम आमचा नमुने आणणारा माणूस. चाळिशीचा, मोटरसायकलवर बर्फाचा डबा बांधून तिन्ही तालुके फिरणारा, तोंडाला कुलूप नसलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीपाशी चहा घेत बसला होता. तनुजानं आतून हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. तिनं पुन्हा मारली. बिस्कीट बुडवणं चालूच. शेवटी तिनं चिडून जाऊन त्याचा खांदा हलवला.

"हाक मारली की तुला."

"मला? न्हाई बा. कोणीच न्हाई मारली."

तो चेष्टा करत नव्हता. खालच्या ऑटोचा हॉर्न त्याला ऐकू येत होता, पंख्याची कुरकुर ऐकू येत होती, आमचं बोलणं ऐकू येत होतं. मी त्याच्या मागं उभी राहून अगदी कानाशी म्हटलं, "हरिओम." त्याच्या मानेवरचा केससुद्धा हलला नाही. त्याचं नाव तेवढं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

मी सर्व्हरची नोंद काढून बघितली. तिन्ही केंद्रांची मशीनं दार उघडेपर्यंत हाका मारत राहतात, त्यांना तसंच सांगितलेलं आहे. त्या चौथ्यानं हाक एकदाच मारली होती. माझ्या सर्व्हरनं ओ दिली होती.

मी शेषेरावांना फोन लावला.

"काका, तिसऱ्या हाकेचं काय लफडं आहे?"

"लफडं कायचं ताई. आमच्यात तिसऱ्या हाकेलाच ओ देतेत. मशीनला बी तसंच शिकिवलं. दुसरं मला काही ठावं न्हाई."

"पहिल्या हाकेला ओ दिली तर?"

मागं शेळी ओरडत होती. "तुमी दिली का?" त्यांनी विचारलं आणि फोन ठेवला.

खरं सांगते, मला भीती नाही वाटली. मला संताप आला. माझ्या सर्व्हरवर, माझ्या हातानं बसवलेल्या मॉड्यूलांतून, विचारल्याशिवाय कुणी घुसतं म्हणजे काय? आणि तेवढ्यात पडद्यावर पुन्हा एक फाइल उतरली. केंद्र कोरं. पत्ता कोरा.

नाव नागुबाई. गाव उमरी. नमुना मिळाला.

नागुबाई माझी आई.

मी फोन लावला. उचलला गेला. पलीकडून सुपात तूर पाखडल्याचा आवाज येत होता, सपसप, सपसप. "आई," मी म्हटलं. पाखडणं चालू. "आई गं." कुणीतरी शांतपणे फोन बंद केला.

मग मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "ऊन फार आहे विशाखा. सिस्टीम बंद करायची नाही."

"बंद नाही करत सर. दार लावते," मी म्हटलं.

तिसऱ्या हाकेचा नियम मी परत घातला. पण मी शेषेराव नाही. पहिल्या दोन हाकांना मुकं बसायचं ही काय पद्धत झाली? माझ्या सर्व्हरनं मागणाऱ्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे. मी ओळ लिहिली: दार बंद आहे, पुन्हा प्रयत्न करा. मग तनुजाला पडद्यासमोर बसवलं आणि उमरीची बस धरली.

खिडकीतून झळा आत येत होत्या. मला एवढंच कळत होतं, आईचं नाव आईपर्यंत पोचलं पाहिजे. वडील गेल्यावर तिला नावानं बोलावणारी शेजारीण एक आणि आई म्हणणारी मी एक. एवढ्या दोन हाकांवर ती बाई जगत होती. तिसरं तिला काही नको होतं.

आई ओसरीवर सूप घेऊन बसली होती. दार सताड उघडं. आत स्वयंपाकघर, त्यात कुणी नाही, चूल थंड. मी अंगणात उभी राहिले, शाळेतून आल्यावर राहायची तशी. ते एकदाच बोलावतं ना? मग त्याला ओसुद्धा एकदाच देता येत असणार. हे शास्त्र नव्हे, मला कळतं. पण मी हटणार नव्हते.

"आई," मी हाक मारली.

"ओ," आई म्हणाली.

आवाज आतून आला, रिकाम्या स्वयंपाकघरातून. ओसरीवर आईचे ओठ मिटलेले होते. ती तुरीतले खडे बघत होती.

मी आत बघितलं नाही. आईकडंच बघत दुसरी हाक मारली.

आतून काही आलं नाही. ओसरीवरूनही नाही. सुपाचा आवाज थांबला.

"आई," मी तिसऱ्यांदा म्हटलं. रडून म्हटलं, खोटं कशाला सांगू.

आईनं मान वर केली. "ओ. आली का गं तू? ओरडून काय राहिलीस, बहिरी हाय का मी?"

मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि हसले. मग तनुजाला फोन केला. हरिओमला तीन हाका मार, तीनही तूच मार, म्हटलं. थोड्या वेळानं तिचा उलटा फोन आला. पहिल्या हाकेला खाली जिन्यातून हरिओमच्या आवाजात कुणीतरी ओ दिली होती. तिसऱ्या हाकेला खुद्द हरिओमनं वळून बघितलं.

"आणि मॅडम, ते कोऱ्या पत्त्याचं परत आलं होतं. दार उघडलं नाही आपण. तुमचा निरोप त्याला बरोबर गेला."

"कुठला निरोप?"

"तुम्ही लिहिलेला."

आईनं चहा टाकला. आम्ही दोघी ओसरीवर बसलो. तिला मी सगळं सांगितलं, सर्व्हर, मॉड्यूल, स्क्रिप्ट. तिला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. ती तूर निवडत ऐकत होती. ऊन उतरत आलं होतं, शेजारची मुलं अंगणात खेळत होती.

घराच्या मागून हाक आली. "विशे."

मला विशे म्हणणारी बाई जगात एकच आहे आणि ती माझ्यासमोर बसली होती. आवाज तिचाच होता.

मी ओ दिली नाही. कप खाली ठेवला, दात आवळले. आईनं तुरीचा एक दाणा सुपातून उचलून ओसरीच्या कडेला ठेवला.

"एकदाच बोलावतं ना ते," मी हळूच म्हटलं. "झालं मग. गेलं."

आणि बोलता बोलता मला माझीच ओळ आठवली. शेषेरावांची स्क्रिप्ट मुकी होती. माझी नव्हती. पुन्हा प्रयत्न करा, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं.

येऊ दे. तीनदा येऊ दे, तीनशेदा येऊ दे. माझं नाव माझं आहे, मी ते कुणाला देणार नाही.

मागून हाक आली. "विशे."

आईनं दुसरा दाणा उचलला आणि पहिल्याशेजारी ठेवला.