नव्वद दिवसांचे डबे

वाईत आता कोणी भुकेल्या पोटी स्वयंपाक करत नसे. रविवारी भरपेट जेवून ढेकर दिल्यावरच शेगड्या पेटायच्या. आठवडाभराचे डबे भरून झाले की पुढच्या रविवारपर्यंत ओट्याला सुट्टी. या अन्नाला ‘पूर्वान्न’ म्हणत.

केतकी इनामदारने मात्र साठी गाठेपर्यंत हे थेर घरात शिरू दिलं नव्हतं. तिच्या चिंचगुळाच्या आमटीवर अख्खी गल्ली जीव टाकायची, आणि सगळ्यांत जास्त तिचा नवरा, हृषीकेश. पण मधुमेहाने त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं नेली होती आणि आता पावलावर डोळा होता. केतकीने कंबर कसली आणि डॉ. फरांदे यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी तिला सोप्या भाषेत समजावलं. जिभेचे चोचले मुळी जिभेचे नसतातच. आतड्यात अब्जावधी जंतू असतात. त्यांतले काही, ज्यांना त्या ‘रुचिजंतू’ म्हणत, आपल्याला हवं ते मिळावं म्हणून मेंदूकडे रसायनं धाडतात आणि रक्तातली साखरही चढवतात. आपल्याला वाटतं, आज गोड खावंसं वाटतंय.

“भुकेच्या वेळी हात तुमचे असतात, बेत त्यांचा असतो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “म्हणून पोट भरलेलं असताना रांधायचं. नव्वद दिवस त्यांची उपासमार केली की ते मरतात.”

केतकीने हृषीकेशचे डबे नेमाने भरले. भाकरी, दुधी, मोडाची मटकी. गुळाचा खडाही नाही. पाच आठवडे त्याची साखर उतरली आणि सहाव्यात पुन्हा चढली. तो चोरून खातो म्हणून तिने त्याला फैलावर घेतलं. बिचाऱ्याने काही खाल्लं नव्हतं. तपासणीत चोर सापडला तो तिच्याच पोटात. तिचं उरलेलं अर्धा पेला ताक रोज तोच संपवायचा, आणि त्यातून तिचे रुचिजंतू त्याच्या पोटात जायचे. तीस वर्षांचा शिरस्ता होता, दोघांपैकी कोणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं.

“पेला वेगळा करते,” केतकी डॉक्टरबाईंना म्हणाली.

“एका घरात राहताय. हे ना ते, काहीतरी पोचणारच. डबे तुम्हालाही खावे लागतील, केतकीताई. आणि एक सांगायला हवं. हे रुचिजंतू जन्माच्या वेळी आईकडून येतात. तुमची आमटीची ओढ तुमच्या आईची आहे.”

केतकीची आई जाऊन एकवीस वर्षं झाली होती. तिची एक साडी होती, एक फोटो होता, आणि आता कळलं की पोटात तिचं काहीतरी जिवंतही होतं. ते आपल्या हाताने उपाशी मारायचं. तिला भडभडून आलं. मग तिला हृषीकेशचं पाऊल आठवलं, आणि त्या रविवारी तिने डबे दुप्पट भरले.

नव्वद दिवस तिने मन मारून काढले. चौथ्या आठवड्यात चिंचेच्या बरणीला कुलूप लावून किल्ली शेजारी दिली. पण नेम मोडला नाही. हृषीकेशच्या पायाची जखम भरली. तो काठीशिवाय घाटापर्यंत जाऊन यायला लागला.

मग आईची तिथी आली. केतकीने बरणी उघडून आमटी केली. नैवेद्य दाखवेपर्यंत चव घ्यायची नाही, ही आईची शिस्त. त्यामुळे ती मीठही नेहमी वासावरूनच घाले. हात चुकला नाही. धाकटा भाऊ सारंग साताऱ्याहून आला होता. पहिल्याच घासाला त्याचे डोळे भरले.

“ताई, तंतोतंत आईची.”

केतकीने भुरका मारला. गोडमिट्ट, चिकट काहीतरी लागलं, परक्या घरी जेवल्यासारखं. समोर हृषीकेशनेही वाटी हळूच बाजूला सारली होती.

तिने भावाला सगळं सांगितलं. सारंगने आपला अर्धा प्यालेला ताकाचा पेला तिच्यापुढे सरकवला.

“माझ्यात आहे ना आई अजून. घे.”

केतकी पेल्याकडे बघत राहिली. आता रडू येईल असं तिला वाटलं होतं, आपण मोह आवरू अशीही तिने मनाची तयारी केली होती. पण आवरण्यासारखं आत काही उठलंच नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. हृषीकेशने दोघांचे डबे उघडले. केतकीला दुधीचा वास आला आणि कडकडून भूक लागली.