पहिला आराखडा

उत्रेख्त शहरातल्या वाणी-संशोधन संस्थेत तिसऱ्या मजल्यावर एक छोटी खोली होती. तिच्या भिंतींना जाड लोकर चिकटवलेली होती, त्यामुळे आत शिरल्यावर आपलाच आवाज आपल्याला परका वाटे. त्या बुधवारी दुपारी दहा वर्षांची लिंदे तिथल्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. बुधवारी तिकडच्या शाळा अर्धा दिवसच असतात. तिच्या गळ्याभोवती आणि जबड्यावर मऊ पट्टा बांधला होता. समोरच्या पडद्यावर एकेक चित्र येई आणि ती त्या वस्तूचं डच नाव सांगे.

काचेपलीकडे तिची आजी, डॉ. इंदुमती खांबेटे, उभी होती. हे यंत्र तिच्याच गणितावर चालत असे. आजवर दुसऱ्यांच्या मुलांना तिने त्या खुर्चीवर बसवलं होतं. आज नातीला बसवताना पट्ट्याचं बक्कल तिच्या हातून दोनदा निसटलं.

सात वर्षांपूर्वीच्या सौरवादळाने जगभरची माहितीची संचयगृहं जाळली आणि माणसांनी जपून ठेवलेले आवाज एका दिवसात गेले. छायाचित्रं कागदावर होती म्हणून थोडीफार वाचली, आवाज मात्र कागदावर राहत नाही. इंदुमतीची मुलगी केतकी त्या वादळाच्या चार महिने आधी आजारपणात गेली होती. लिंदे तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिला आईचा चेहरा फोटोतला आठवे, आवाज अजिबात आठवत नसे. दहाव्या वाढदिवसाला काय हवं असं आजीने विचारलं, तेव्हा तिने सायकल मागितली नाही, घड्याळ मागितलं नाही. आईचा आवाज ऐकायचा आहे, एवढंच म्हणाली. आणि आजीने हो म्हटलं.

इंदुमतीने लगेच हो म्हणण्याचं कारण तिच्या शास्त्रात होतं. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना ती ते टेबलावर हात आपटून समजावत असे. डच भाषा दोन शब्द जोडून तिसरा शब्द सहज बनवते. संध्याकाळ म्हणजे ‘आव्होन्त’, खाणं म्हणजे ‘एतन’, आणि रात्रीचं जेवण म्हणजे ‘आव्होन्त-एतन’. पहिल्या शब्दावर तळहाताचा ठोका, दुसऱ्यावर बोटाचा. आणि दोन शब्दांमधली शिवण मोडायची नाही. त्या शिवणीपाशी डच जीभ क्षणभर थांबते. आपली मराठी जीभ थांबत नाही. ती सगळी अक्षरं सारख्या वजनाने घेते आणि वाटेतलं व्यंजन उचलून पुढच्या स्वराला चिकटवते. आपल्या तोंडी त्याच शब्दाचं ‘आ-व्हों-ते-तन’ होतं.

हा ताल मूल वयाच्या पहिल्या तीन वर्षांत उचलतं, आणि जो माणूस त्याच्याशी सर्वांत जास्त बोलतो त्याचाच उचलतो. इंदुमतीने त्याला तालठसा असं नाव दिलं होतं. पुढे शाळा, मित्र, गाव बदललं की बोलणं बदलतं, ठसा बदलत नाही. बोलण्याआधी मेंदू दर वेळी जुन्या ठशाचाच आराखडा काढतो, मग निमिषार्धात तो दुरुस्त करून जिभेच्या हवाली करतो. गळ्याचा पट्टा तो पहिला, न बोललेला आराखडा टिपून घेई.

“म्हणजे ताल ठशातून, आणि आवाजाचा पोत हाडांतून,” असं तिचा सहकारी हेर्बेन नेहमी म्हणे. मुलीच्या गळ्याची घडण आणि आईचे फोटो यांवरून आवाजाचा पोत बांधायचं काम त्याचं होतं. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या माळ्याला त्याच्या बायकोचा आवाज असाच मिळाला होता, मुलाच्या ठशातून. तो माळी अजून दर महिन्याला संस्थेत ट्युलिपचे कांदे आणून देई. हेर्बेनच्या घरी आता ते ठेवायला जागा नव्हती. बायको ते चुकून सूपमध्ये घालेल, अशी त्याची तक्रार असे.

दोनशे चित्रं संपली. लिंदेला खाली उपाहारगृहात गरम चॉकलेट प्यायला पाठवून दोघे पडद्यापाशी बसले. हेर्बेनने आकडे पाहिले, पुन्हा पाहिले, मग चष्मा काढून पुसला.

“यंत्र बिघडलंय,” तो म्हणाला. “ठसा डच नाही. सगळे ठोके सपाट, आणि एकही शिवण शाबूत नाही. पोरगी बोलते ते तर अगदी स्वच्छ आहे.”

इंदुमतीने आलेख स्वतःकडे वळवला. हेर्बेनने विचारलं, पहिल्या तीन वर्षांत लिंदेला तू सांभाळलं होतंस का?

तिने सांभाळलं नव्हतं. लिंदेला तिने पहिल्यांदा पाहिलं ते केतकीच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी. हे सांगायचं तर मागचं सगळं सांगावं लागणार होतं, आणि तेवीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या हेर्बेनला तिने ते कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

इंदुमती लग्न होऊन या देशात आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. पुढच्याच वर्षी केतकी झाली. बाळाला तपासायला घरी येणाऱ्या परिचारिकेने प्रेमाने बजावलं, मुलीशी इथलीच भाषा बोला, नाहीतर ती शाळेत मागे पडेल. नवराही तेच म्हणाला. तेव्हा इंदुमतीचा डचचा अभ्यास होता सहा महिन्यांचा. तरी मुलीच्या भल्यासाठी तिने दाराआड मराठीला कुलूप लावलं आणि अंघोळ घालताना, भरवताना, थोपटताना ती आपल्या मोडक्या डचमध्येच बोलत राहिली. आपली भाषा सोडली ती सोडली, आणि जी दिली ती चुकीची दिली. सहाव्या वर्षी केतकी शाळेतून रडत आली. मुलं तिच्या बोलण्याची नक्कल करत होती.

त्या दिवसापासून इंदुमती शिकायला लागली. आधी रात्रशाळा, मग विद्यापीठ, मग हे शास्त्र. जे शिके ते मुलीला शिकवी. रोज जेवायच्या टेबलावर तळहात आणि बोट, तळहात आणि बोट. बारा वर्षं. केतकीची डच निर्मळ झाली, पण आई समोर आली की तिचं बोलणंच आटायला लागलं. लिंदे पोटात असताना ती एकदाच सविस्तर बोलली होती, शांतपणे. “आई, मी काय सांगते ते तू कधीच ऐकलं नाहीस, फक्त कसं सांगते ते ऐकलंस. माझ्या मुलीला तू दुरुस्त करायची नाहीस.” त्यानंतर भेट नाही.

हेर्बेनने सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्यातला शास्त्रज्ञ म्हणाला, बाप असेल. पण लिंदेचा बाप जहाजावर असे, वर्षातून दोन महिने घरी येई, आणि तो तर इथलाच, ख्रोनिंगनचा. ती तीन वर्षं घरात आई आणि मूल एवढेच होते.

“मग यंत्र बिघडलेलं नाही,” हेर्बेन हळूच म्हणाला. “लोकांशी बोलताना तुझी मुलगी दुरुस्त केलेला आराखडा वापरत होती. बाळाशी बोलताना माणूस दुरुस्ती करत बसत नाही, इंदुमती. बाळाशी तो पहिल्याच आराखड्यातून बोलतो.”

इंदुमतीला ते कळायला त्याच्या सांगण्याची गरज नव्हती. तिचंच गणित होतं. बारा वर्षं जिवाचा आटापिटा करून तिने मुलीच्या तोंडात जे घातलं, ज्यापायी मुलगी गमावली, त्याचा एक कणही जगात कुठे उरला नव्हता. उरली होती ती फक्त तिची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या वयातली चूक. तीच केतकीने बाळाला अंघोळ घालताना, भरवताना, थोपटताना दिली होती. रुसून दूर गेलेली मुलगी तीन वर्षं रोज आपल्या आईसारखी बोलत होती, आणि आईला ते सांगायला कुणी नव्हतं.

लिंदे ओठांवर चॉकलेटची मिशी घेऊन वर आली आणि पुन्हा खुर्चीवर बसली. हेर्बेनने इंदुमतीकडे पाहिलं, तिने मान डोलावली, आणि त्याने कळ दाबली.

खोलीत एका तरुण बाईचा आवाज आला, चित्रांची डच नावं घेणारा. पुढचं दार, हात पुसायचं फडकं, झोपायची खोली. सपाट ठोके, मोडलेल्या शिवणी. लिंदे हसली नाही. कुणी लांबून काही सांगत असावं तशी तिने मान तिरपी केली. शब्द संपले तेव्हा ती म्हणाली, “आणखी.”

हेर्बेनने तिला समजावलं, की आपण चित्रांची नावं घेतली, म्हणून यंत्राजवळ नावंच आहेत, वाक्यं नाहीत.

“माझं नाव?”

“तेही नाही. तुझं चित्र आपण दाखवलं नव्हतं.”

लिंदेने मान खाली घातली आणि पट्ट्याचं बक्कल उघडमीट करत राहिली. ती रडली असती तर इंदुमतीला सोपं गेलं असतं.

पस्तीस वर्षांत इंदुमतीच्या तोंडून एकही ठोका चुकला नव्हता. परीक्षक म्हणून ती देशभर जाई आणि डच लोकांच्या डचमधल्या चुका काढी. ती लोकरीच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कारण हे कुणाच्या डोळ्यांत पाहून जमणारं नव्हतं. तिने तळहात विसरायचा प्रयत्न केला, बोट विसरायचा प्रयत्न केला. हातात साबण आहे, पाणी निवत चाललंय, समोर बाळ आहे आणि आपल्याला अजून काहीच नीट येत नाही, एवढंच तिने मनात आणलं. आणि हाक मारली. दोन्ही अक्षरं सारख्या वजनाची, शेवटचं जरा लांबवलेलं.

“लिं-दे.”

“आले, मामा,” लिंदे पटकन म्हणाली. मामा म्हणजे त्यांच्याकडे आई. म्हणता म्हणता ती खुर्चीवरून उतरून दोन पावलं चाललीही, आणि मग थबकली. तिने दाराकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, हेर्बेनकडे पाहिलं. शेवटी आजीच्या पाठीकडे पाहत ती उभी राहिली.

इंदुमती भिंतीकडेच तोंड करून होती. दुसऱ्यांदा हाक मारायला तिला धीर होत नव्हता.