बेटाची हजेरी

"अकरा दिवस!" फटाकडीने वहीवर बोट आपटलं. "अकरा दिवस बेट एकाच जागी! मामा, असं कधी झालंय का?"

मामा पालथ्या घातलेल्या होडीचा जुना रंग खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "हळू बोल गं. खिडकी उघडी आहे," एवढंच ते म्हणाले.

खिडकी समोरच्या पर्यटन-कचेरीची होती आणि तिच्याआड व्यवस्थापकसाहेब बसत.

सुट्टी लागली की फटाकडी तळ्याकाठी मामांकडे यायची. तिला हे नाव का पडलं, ते तिच्या शाळेतल्या कुठल्याही बाईंना विचारावं. ती जाईल तिथे मागोमाग जाणारा तिचा आठ वर्षांचा भाऊ म्हणजे शेपूट. आणि मामांचा मुलगा प्रोफेसर. त्याच्या चष्म्याच्या काचा कधी पुसलेल्या नसत आणि त्याच्याकडची माहिती कधी संपत नसे.

तळ्यात एक बेट होतं, आणि ते चक्क तरंगायचं! लव्हाळ्यांची मुळं एकमेकांत गुंतून दोन हात जाडीची गादी झालेली, तिच्यावर गवत, झुडपं आणि एका कडेला एकुलतं एक झाड. वारा नेईल तिकडे बेट जाई. कुठून कुठून प्रवासी ते बघायला येत आणि धक्क्यावर उतरल्या उतरल्या विचारत, "आज बेट कुठे आहे हो?" मामांना ते नेहमी ठाऊक असे. कारण बावीस वर्षं ते रोज सकाळी बेटाची हजेरी घेत होते. बेटावरचं झाड पलीकडच्या काठावर कशासमोर दिसतं ते बघायचं आणि वहीत लिहायचं. 'आज पंपघरासमोर.' 'आज पिवळ्या शाळेसमोर.' हजेरी झाल्याशिवाय घरात चहा होत नसे.

आणि आता अकरा दिवस वहीत एकच ओळ होती. 'धक्क्यासमोर.'

"वारा पडलाय म्हणावं, तर माझी टोपी दोनदा तळ्यात गेली," शेपूट म्हणाला.

"काय खलबतं चाललीत?" व्यवस्थापकसाहेब दारात उभे! ते नवे होते. येऊन तीन महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यांनी धक्क्यावरून थेट बेटावर जाणारा लोखंडी पूल टाकला होता. "उद्या अकराला उद्घाटन. साठ पाहुणे बेटावर बसणार. जगभर फिरलेल्या प्रवासीबाई येणार, मोठे साहेब येणार. लोकांना आता होडीत बसून बेट शोधत हिंडायला नको! बेटाला आपली जागा आवडलीय."

"साहेब, एकदा खालून बघू द्या," मामा चाचरत म्हणाले. "बेट असं थांबत नाही. काहीतरी..."

"तुम्ही होडी हाका. पाहुण्यांसमोर एक शब्द काढलात, तर होडीही जाईल आणि ही राहायची खोलीही!"

मामांची मान खाली गेलेली फटाकडीला बघवेना. तिने तोंड उघडलं, पण प्रोफेसरने तिच्या पायावर पाय दिला.

"माझा पाय मोडलास!" साहेब गेल्यावर ती ओरडली.

"आत्ता भांडून काय मिळणार? आधी बेटावर जाऊन बघायला हवं."

"पुलाला कुलूप आहे."

"मग उघडायला लावू," फटाकडी म्हणाली, आणि पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून थेट कचेरीत शिरली.

"साहेब, साठ खुर्च्या बेटावर न्यायच्या असतील ना? आम्ही तिघं रिकामेच आहोत."

फुकट कामाला नाही कोण म्हणतं? "शाबास! मुलं अशी हवीत," म्हणत साहेबांनी किल्ली दिली आणि ते फोनवर हारतुऱ्यांची चौकशी करू लागले.

पहिल्या सहा खुर्च्या घेऊन तिघं बेटावर आले. जमीन पायाखाली गादीसारखी दबत होती. झाडाभोवती एक मोठी हिरवी सतरंजी अंथरलेली होती. शेपटाने तिच्यावर उडी मारली मात्र, आणि त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत गायब!

"ताई! माझी चप्पल!"

दोघांनी त्याला ओढून काढलं. चप्पल काही आली नाही. फटाकडीने सतरंजी उचलली. बेटाला हातभर रुंद चीर पडली होती. खाली काळं पाणी डुचमळत होतं. आणि झाडाच्या बुंध्याला गवताखाली लपवलेली, मनगटाएवढी जाड तारेची दोरी! तिचं दुसरं टोक थेट धक्क्याच्या खांबाला.

"बांधलंय!" फटाकडी दातओठ खात म्हणाली. "बेटाला खुंटीला बांधलंय!"

प्रोफेसर गुडघ्यावर बसून चिरेत डोकावला. "वारा बेटाला तिकडे ओढतोय, दोरी झाडाला इकडे. मधे मुळं फाटताहेत. साहेबांना वाटलं ही साधी जमीन आहे. उद्या साठ माणसं इथे बसली तर..."



संध्याकाळी मामांनी सगळं ऐकलं आणि ते तडक कचेरीत गेले. परत आले ते पाय ओढत. "पोरांच्या गप्पांवर कार्यक्रम थांबत नसतो म्हणाले. फाटलंय तिथे सतरंजी घातलीय, तेवढं पुरे. उद्या मी तिथे दिसलो तर सामान बांधायचं." मामींनी चुलीवरचं भांडं उतरवलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

फटाकडीने प्रोफेसरला बाजूला घेतलं. "मी उद्या गप्प बसणार नाही. पण घर तुझं आहे. तू नको म्हणालास तर..."

प्रोफेसरने आयुष्यात पहिल्यांदा चष्मा पुसला. "घर दुसरं मिळेल. माणसं बुडाली तर? मी पण येतो."

"मी पण!" शेपूट म्हणाला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला पाहुणे धक्क्यावर जमले. पुढे मोठे साहेब, त्यांच्या शेजारी पांढऱ्या केसांच्या, मळक्या बुटांच्या प्रवासीबाई. व्यवस्थापकसाहेब कात्री घेऊन वळले आणि थबकले. पुलाच्या तोंडाशी तीन मुलं मांडी घालून बसली होती.

"उठा! चला, उठा आधी!"

"नाही उठणार," फटाकडी म्हणाली. आवाज खणखणीत निघाला. "बेट बांधलंय आणि ते फाटतंय. कुणीही आत जायचं नाही!"

"लहान तोंडी मोठा घास! हिच्या मामाला ही पोर आवरता..."

"मामांनी तुम्हाला सांगितलं होतं! दोनदा! तुम्ही त्यांना घराची भीती घातलीत!" ती उठली नाही, हललीसुद्धा नाही. "बेट इतकं पक्कं आहे ना? मग आधी तुम्ही एकटे त्या हिरव्या सतरंजीवर उभे राहून दाखवा. आम्ही लगेच उठतो."

साठ जोडी डोळे साहेबांवर खिळले. मोठे साहेबही म्हणाले, "दाखवा की. त्यात काय एवढं?"

आता माघार कशी घेणार? व्यवस्थापकसाहेब मुलांना ओलांडून तरातरा गेले, सतरंजीच्या कडेवर उभे राहिले आणि हसून म्हणाले, "बघा! दगडासारखं..." खात्री पटावी म्हणून त्यांनी पाय आपटला.

फस्सकन सतरंजी आत गेली, आणि तिच्याबरोबर साहेब! छातीपर्यंत!

"वाचवा! मला पोहता येत नाही!"

सगळे आरडाओरडा करत होते. तेवढ्यात गर्दी चिरत मामा धावले. वाटेतच त्यांनी धक्क्यावरचं दोरी बांधलेलं रबरी चाक उचललं, पुलावर पालथं पडून फेकलं आणि लव्हाळ्यांत लडबडलेल्या साहेबांना हळूहळू ओढून काढलं. साहेबांच्या कानातून गवत लोंबत होतं. शेपूट हसला, मामांनी डोळे वटारल्यावर थांबला.

प्रवासीबाई चिरेपाशी जाऊन आल्या. "मी दिवसातून दोनदा समुद्राखाली जाणारा रस्ता पाहिलाय," त्या मोठ्या साहेबांना म्हणाल्या. "वाळूने गिळलेली गावं पाहिली आहेत. पण सगळ्यात विलक्षण काय पाहिलंत असं कुणी विचारलं, तर मी या बेटाचं नाव सांगते. विशीत आले होते तेव्हा ते शोधायला अर्धा दिवस लागला होता. आज गाडीतून उतरले आणि बेट समोर हजर! मला तेव्हाच खटकलं. बांधून ठेवलेलं बेट बघायला मी कशाला येऊ?"

मोठ्या साहेबांनी तिथल्या तिथे पूल बंद करायला सांगितला. होडी आणि खोली मामांचीच राहील, आणि बेटाच्या बाबतीत यापुढे मामांचा शब्द शेवटचा, हेही सगळ्यांसमोर सांगितलं. व्यवस्थापकसाहेबांना त्यांनी कचेरीत बोलावलं. तिथे काय झालं ते बाहेर ऐकू आलं नाही, पण खिडकी मात्र खाडकन बंद झाली.

मामांनी पुलाचं बेटावरचं टोक मोकळं केलं आणि धक्क्यावरची तार सोडवली. काही क्षण काहीच झालं नाही. मग झाड हललं, मागे सरकलं, आणि सगळं बेट दुखऱ्या अंगाने, पण निघालं! पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"तुम्ही तिघांनी साठ जीव वाचवलेत. शाबास!" मोठे साहेब म्हणाले. मग फटाकडीकडे बघून त्यांनी बोट उगारलं. "फक्त मोठ्यांना असं उलट बोलणं बरं नाही हं."

फटाकडी काही बोलणार, तोच मामा पुढे आले. त्यांच्या बाह्यांतून पाणी अजून निथळत होतं.

"साहेब, तिला काही बोलू नका," ते म्हणाले. आवाज इतका स्पष्ट, की मामीसुद्धा वळून बघू लागल्या. "आज ती जे बोलली, ते मी आधीच असं सगळ्यांदेखत बोलायला हवं होतं. मी घाबरलो. ही पोर घाबरली नाही."

फटाकडीने मामांची ओली बाही घट्ट धरली आणि ती त्यांच्या शेजारी उभी राहिली.