आधीच निघून गेलेली पिशवी

“ह्या गोकुळदासाला कोणीतरी खांबाला बांधून ठेवा रे!” विनोदिनी आजी माजघरातून ओरडली. “मी एक वस्तू बॅगेत घालते, हा दोन बाहेर काढतो!”

आजीची तक्रार खोटी नव्हती. तिच्या थोरल्या मुलाची, गोकुळदासची, रीतच तशी होती. स्वतः काही भरायचं नाही आणि भरणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून हुकूम सोडायचे. “सगळं माझ्या डोक्यात आहे!” असं तो छाती काढून सांगायचा. डोक्यात असेलही, पण बॅगेत नसायचं. आंबोलीला गेला तेव्हा बॅगेच्या कुलपाची किल्ली घरी राहिली, आणि साहेब तीन दिवस एकाच सदऱ्यात धबधबे बघत फिरले. म्हापशाला डोळे तपासायला गेला तो चष्माच विसरून. डॉक्टरांनी विचारलं, आधीचा नंबर काय? तर म्हणे, पेडण्याला मेजावर आहे!

आज मात्र चेष्टेची गोष्ट नव्हती. गोकुळदासची धाकटी बहीण सुविधा साडेचारच्या गाडीने मुंबईला निघणार होती. उद्या अकरा वाजता एका हॉस्पिटलात नर्सच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. दोन वर्षं अर्ज धाडून धाडून पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. पत्रात ठळक लिहिलं होतं, मूळ दाखले आणले नाहीत तर आत घेतलं जाणार नाही. सोबतीला गोकुळदास जाणार होता.

“सोबत कोणाची कोणाला, ते बघायला हवं,” आजी म्हणाली, आणि मे महिन्याच्या सुट्टीला डिचोलीहून आलेल्या तिन्ही नातवंडांना तिने कामाला लावलं. “मला शाळेत दोन पावसाळेसुद्धा काढू दिले नाहीत. तुम्ही शिकताय ना? मग लिहा यादी! जे माणूस हमखास विसरतं तेच लिहा. साडी कोणी विसरत नाही, साडीची पिन विसरतं!”

तेरा वर्षांचा सिद्धेश यादी वाचत होता, बारा वर्षांची रूपाली बॅग तपासत होती, आणि नऊ वर्षांचा विशाल बॅगेवर बसून ती बंद करायला उतावीळ झाला होता.

“दात घासायचा ब्रश?”

“आहे!”

“फणी? पिना? सुई-दोरा?”

“आहे, आहे, आहे!”

“कपडे वाळत घालायची दोरी? डोकेदुखीच्या गोळ्या?”

“दोरी आहे. गोळ्या काकांनी बाहेर काढल्या.”

“जागा अडते!” गोकुळदास म्हणाला.

“तुझ्यासोबत जायचं तर गोळ्या आधी हव्यात,” आजी म्हणाली. “घाल गो परत!”

“अकरा नंबर,” सिद्धेशने वाचलं. “मूळ दाखले.”

“कपाटात, वरच्या खणात,” सुविधा केस विंचरता विंचरता म्हणाली. “शनिवारी झेरॉक्स काढून आणले तेव्हाच ठेवलेत.”

रूपालीने वरचा खण बघितला. मग खालचा. मग सगळं कपाट जमिनीवर आलं. दाखले नव्हते!

पुढचा पाऊण तास त्या घरात कोण काय शोधतंय तेच कोणाला कळेना. सुविधा गाद्या उलट्या करत होती. विशाल तांदळाच्या पिंपात डोकं घालून आला. गोकुळदास “शांत राहा! शांत राहा!” असं ओरडत सगळ्यांच्या मध्ये येत होता. दाखले सापडायचे राहिले बाजूला, उलट नव्या वस्तू हरवलेल्या निघाल्या! सुविधाची पिवळी ओढणी नव्हती. आजीने देवापुढे ठेवायला काढलेला शेंडीचा नारळ नव्हता.

“आणि माझ्या डब्यातली मोठी सुपारी!” आजी म्हणाली. “सोमवारपासून दिसत नाही. मला वाटलं मीच खाल्ली!”

सिद्धेशने यादीच्या पाठीमागे दुसरी यादी केली. दाखले. ओढणी. नारळ. सुपारी. तो त्या चार शब्दांकडे बघतच राहिला.

“असला कसला चोर? आजीच्या पाटल्या ट्रंकेवर तशाच आहेत. पैसे आहेत. आणि नेलं काय, तर हे?”

“चोर नर्स आहे!” विशाल म्हणाला. “आणि तिचं लग्न ठरलंय!”

“माकडं असतील,” गोकुळदास घाईघाईने म्हणाला. “मागच्या जनेलातून येतात.”

“माकडं दाखले घेऊन कुठे नोकरीला लागणार, काका?”

गोकुळदास खाली वाकला. तो पायातली चप्पल शोधायला लागला. ती त्याच्या पायातच होती.

सुविधा पलंगाच्या कडेला बसली. ती रडत नव्हती, आणि तेच जास्त वाईट दिसत होतं. “दोन वर्षं,” ती एवढंच म्हणाली. घड्याळात पावणेदोन झाले होते.

रूपाली दाराजवळ खाली वाकली होती. तिथे खुंटीच्या बरोबर खाली तांदळाचे आठ-दहा दाणे पडले होते. पिंप तर पार स्वयंपाकघरात! आणि खुंटी रिकामी होती.

“आत्या, शनिवारी झेरॉक्सला कुठली पिशवी नेली होतीस?”

“निळी, कापडी. ऊन होतं म्हणून ओढणी डोक्याला घेतली होती. आले आणि ओढणी पिशवीत कोंबून खुंटीला...” सुविधा थांबली. तिचा हात हळूहळू तोंडावर गेला. “दाखले मी कपाटात ठेवलेच नाहीत! ठेवणार होते!”

म्हणजे दाखले निळ्या पिशवीत होते. पण पिशवी कुठे होती? आणि तांदूळ तिथे कसे सांडले? एक गाठ सुटली की दोन नव्या पडत होत्या!

“आज्ये,” रूपालीने विचारलं, “नारळ, सुपारी, तांदूळ आणि वापरातलं कापड, हे सगळं एकत्र कशाला लागतं?”

“नारळ-तांदूळ ओटीला. पण ओटीत वापरलेली ओढणी कोण घालतो?” आजी बोलता बोलता गप्प झाली. आजी गप्प होणं ही त्या घरात मोठीच घटना होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, “प्रस्थानाला लागतं.”

“ते काय असतं?”

“निघायचा दिवस वाईट असला, तर आधीचा चांगला दिवस बघून आपलं थोडं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. ज्या दिशेला जायचं त्याच दिशेच्या घरी. आपलं वापरलेलं कापड, वर नारळ, सुपारी, मूठभर तांदूळ. म्हणजे माणूस घरात, पण प्रवास सुरू झाला! मग खरं निघताना ते उचलून न्यायचं. माझे सासरे ठेवायचे. पण ते सगळ्या घराला सांगून ठेवायचे!”

सिद्धेश धावत जाऊन भिंतीवरचं पंचांग घेऊन आला. सोमवारच्या चौकोनाला पेन्सिलीने गोल केला होता. आज बुधवार. आजच्या चौकोनावर बारीक फुली होती.

“ह्या घरात पंचांग बघून चालणारा एकच माणूस आहे,” तो कुजबुजला. “चल, विचारू.”

“सरळ विचारलंस तर नाहीच म्हणणार,” रूपाली म्हणाली. “मुहूर्ताचं नाव काढलं की आत्या चिडवते, म्हणून तर लपवून ठेवलं असणार. विशू, इकडे ये. तुला नाटक येतं ना?”

विशाल अंगणात गेला, जिथे गोकुळदास चौथ्यांदा बॅगेचं कुलूप लावत होता, आणि मोठ्याने गळा काढायला लागला.

“काका! तुम्ही जाऊ नका! पंचांगात बघितलं आम्ही! आज बुधवार, उत्तरेचा प्रवास वाईट! मुंबई उत्तरेलाच आहे ना? गाडी पडली तर?”

“रडतोस काय रे गाढवा!” गोकुळदासने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तुझा काका काय असा तसा आहे? त्याची सोय मी सोमवारीच केलीय!”

“कशाने? निळ्या पिशवीने?” दाराआडून रूपाली बाहेर आली. तिच्यामागून सिद्धेश, सुविधा आणि आजी.

गोकुळदासचा चेहरा आंबट बिंबल खाल्ल्यासारखा झाला. “मी फक्त ओढणी बघितली! वर नारळ ठेवला! खाली फाईलबिईल आहे हे मला काय ठाऊक?”

“आणि आज जाताना ती उचलायची असते ना?”

“उचलणारच होतो,” गोकुळदास म्हणाला. “विसरलो.”

“कोणाकडे ठेवलीत?”

“ते... नक्की नाही सांगता येणार. मी बाबली पोदेराकडे दिली. म्हटलं, उत्तरेच्या कुठल्याही चांगल्या घरी ठेव.”

आजीने पदर खोचला. “तुझ्याशी मग बोलते,” ती म्हणाली. “गोकुळदास, तू सुविधाला आणि मला रिक्षेने स्टेशनावर ने. पोरांनो, सायकली काढा. दाखले थेट मालप्याच्या स्टेशनावर आणा. गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही, ध्यानात ठेवा!”

बाबली हा गावचा पोदेर, म्हणजे पाववाला; रोज सायकलला टोपली बांधून, भोंगा वाजवत घरोघर पाव पोचवायचा. ह्या वेळी तो भट्टीच्या मागे पोत्यावर झोपला होता. विशालने सरळ त्याचा भोंगाच त्याच्या कानाशी वाजवला.

“आयलो, आयलो!” बाबली झोपेतच उठला. “किती पाव?”

“पाव नको! सोमवारची निळी पिशवी कुठे ठेवलीस?”

“ती? तुमच्या काकांनी सांगितलं, उत्तरेला ठेव. मी विचारलं, उत्तर म्हणजे खंय? त्यांनी हात केला असा.” बाबलीने हात असा फिरवला की त्यात अर्धा पेडणे तालुका आला. “मग मी म्हटलं, जे घर पावाचे उंडे जास्त घेतं ते चांगलं घर. ओहोळापलीकडची कमलाक्षी वहिनी. रोज आठ उंडे!”

ते ओहोळाच्या वाटेने सुटले. पुढे बाबली, मागे दोन सायकलींवर तीन पोरं. ऊन असं की सायकलची दांडी हाताला चटके देत होती. साकव ओलांडला आणि रूपाली एकदम म्हणाली, “सिद्धू, दुपारचा सूर्य पश्चिमेला असतो ना?”

“हो. मग?”

“तो आपल्या उजव्या हाताला आहे. आपण दक्षिणेला चाललोय!”

सिद्धेश हसता हसता माडावर आपटणार होता.

कमलाक्षी वहिनी ओसरीवर बसून फणसाचे गरे सोलत होती. “निळी पिशवी? हो बाय, आली खरी. मला वाटलं, बाबली आता पावाबरोबर नारळ फुकट द्यायला लागला!”

“तो नारळ कुठे आहे?”

“काल वाटून बांगड्यांच्या हुमणात, माशांच्या आमटीत गेला. बरा गोड होता. तांदूळ कोंबड्यांना घातले, आणि सुपारी...” तिने गालातली सुपारी इकडून तिकडे केली.

“आणि फाईल? कागदांची फाईल?”

“ती होय? ती कामाला आली हो!”

तिने त्यांना आत नेलं. कोपऱ्यात कैऱ्या मिठाच्या पाण्यात घातलेली मोठी बरणी होती. बरणीवर झाकण म्हणून सुविधाची प्लास्टिकची फाईल, आणि फायलीवर काळाभोर वरवंटा!

सिद्धेशला फाईल उघडवेना. मिठाचं पाणी आत गेलं असेल तर? शिक्के पुसले असतील तर? शेवटी रूपालीने वरवंटा बाजूला केला, परकराला फाईल पुसली आणि चेन ओढली. एक, दोन, तीन, चार, पाच. ती एकेक कागद बोटांनी चाचपत होती.

“कोरडे! सगळे कोरडे!”

“ओढणी?” विशालने विचारलं.

“दोरीवर वाळते आहे,” कमलाक्षी वहिनी म्हणाली. “धुऊन टाकली. परक्याची वस्तू मळकी कशी परत करू?”

चार वाजायला दहा मिनिटं होती, आणि स्टेशनाची वाट चढाची. बाबली पुढे भोंगा वाजवत निघाला. “बाजू, बाजू!” पण पोदेराचा भोंगा ऐकून बाजूला कोण होतो? बायका टोपल्या घेऊन रस्त्यावर यायला लागल्या! “आज एवढ्या लवकर रे? चार पाव दे!” “माझे सहा!”

“नाही, नाही, पाव नाहीत!” बाबली ओरडत होता. “दाखले आहेत!”

“कसले आहेत? गोडाचे?” एका म्हातारीने विचारलं.

सिग्नल पडला होता. फलाटावर सुविधा बॅगेशेजारी उभी होती आणि रस्त्याकडे बघत होती. आजी तिच्याकडे न बघता उभी होती, म्हणजे काळजी आजीलाही होती. लांबून गाडीची शिटी झाली, आणि त्याच वेळी फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडून भोंग्याचा आवाज आला.

“आत्याऽऽ! मिळाले!”

सुविधाने फाईल छातीशी धरली, मग उघडून मोजली, मग तिन्ही पोरांना एकदम मिठी मारली. आता मात्र ती रडली.

“हिला खारट वास कसला येतोय?” तिने नाक ओढत विचारलं.

“मुलाखत झाल्यावर सांगू,” रूपाली म्हणाली.

गाडी आली. बॅगा चढल्या. आजीने डबीतलं दही सुविधाच्या हातावर घातलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. गोकुळदास अजून खालीच होता. त्याला वेगळीच काळजी लागली होती.

“सिद्धेश, नारळ कुठे आहे? प्रस्थानाचा नारळ?”

“बांगड्यांच्या हुमणात, काका.”

“शिव शिव शिव! बांगड्यांच्या?”

“आणि पिशवी दक्षिणेला होती,” विशालने आनंदाने सांगितलं. “आणि काका, ही घ्या बॅगेच्या कुलपाची किल्ली! तुम्ही अंगणातच टाकून आला होता.”

गोकुळदासने किल्ली घेतली आणि पटकन डब्यात चढला. पण खिडकीपाशी आजी उभी होती, आणि गाडी सुटायला अजून एक मिनिट होतं. आजीला एक मिनिट पुष्कळ.

आधी तिने पोरांच्या डोक्यांवर हात ठेवला; सगळी हकीकत रूपालीने मघाशीच तिच्या कानात घातली होती. “ह्या तिघांनी आज माझ्या लेकीचं नशीब बरणीवरून उचलून आणलं. आणि बाबली, तू उत्तर-दक्षिण शिकून घे, पण वेळेला धावलास, हे मी विसरणार नाही. उद्यापासून मलाही आठ उंडे!”

मग ती खिडकीच्या गजाला धरून वाकली.

“आणि गोकुळदास, ऐक. पंचांगाशी माझं भांडण नाही. पण मुंबईला जाणारी पोर तू कारवारच्या वाटेला लावलीस, तीसुद्धा न सांगता, आणि वर दोष माकडांना! पुढच्या खेपेला प्रस्थान ठेवायचं झालं, तर पिशवी अजिबात धाडू नकोस. दोन दिवस आधी तू स्वतःच जाऊन बस कमलाक्षीच्या ओसरीवर. बाकीचं सामान आम्ही बिनचूक भरतो, आणि निघताना आठवलं तर तुला उचलतो!”