रानकुत्र्यांचा भागाकार

सोनदरा राष्ट्रीय उद्यानात रानकुत्री सगळ्यात जास्त वेळा दिसली होती ती पूर्व दरवाज्याकडून. मग शर्वरीला तीन दिवस नुसती धूळ आणि पुढच्या गाड्यांच्या पाठीच का दिसाव्यात?

दरवाजा तिनेच निवडला होता. उद्यानाची खुली माहिती (कुणालाही फुकट पाहता येणारी सरकारी आकडेवारी) चाळून चाळून निवडला होता. आता विश्रामगृहाच्या पायरीवर बसून तिला रडू येत होतं. चूक स्वतःचीच, त्यामुळे रागवायलाही कुणी नव्हतं. तिच्या आजोबांच्या, म्हणजे संख्याशास्त्रज्ञ डॉ. टिपणिसांच्या, नजरेचा मधला भाग विझत चालला होता. त्याआधी एकदा रानकुत्री पाहायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. उरली होती एक सकाळ.

आजोबा गुडघे चोळत होते. गाडी चालवणारा यंत्रमानव हौशा खांबाला टेकून चार्ज होत होता. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. दिवसभरात "काच पुसा" यापलीकडे तो काही बोलला नव्हता.

"उद्या सरळ घरीच जाऊ या का?" शर्वरी म्हणाली.

"जाऊ. मीही कंटाळलोय. पण आधी सांग, एका टोपलीत शंभर बोरं, त्यात दहा किडकी. दुसरीत वीस, त्यात पाच किडकी. डोळे मिटून एक उचललं, तर किडकं कुठे लागेल?"

"दुसरीत. चारांत एक किडकं." ती थांबली. "पण किडकी तर पहिलीत जास्त आहेत."

"कारण बोरंच जास्त आहेत."

"पूर्वेला गाड्याच जास्त जातात," शर्वरी हळूच म्हणाली. "पाहणारे जास्त म्हणून नोंदी जास्त. आणि नोंदी पाहून माझ्यासारखे शहाणे पुन्हा तिथेच."

गाड्यांच्या फेऱ्यांचे आकडेही खुलेच होते. तिने ते उघडलेच नव्हते. आता तिने भागाकार करून दर्शनदर (शंभर फेऱ्यांपैकी किती फेऱ्यांत प्राणी दिसला ते) काढला. पश्चिमेचा ओसाड दरवाजा सगळ्यात वर आला.

"म्हणजे नक्की दिसतील?"

"नक्की कोण सांगणार? तिथल्या फेऱ्या थोड्या, त्यामुळे आकडा जरा डळमळीत. शक्यता वाढली, एवढंच." आजोबांनी सुस्कारा सोडला. "चल, एवढे दमलोय, आणखी थोडे दमू."

सकाळी पश्चिमेला त्यांची एकच गाडी होती. ऊन चढलं, दोघांना डुलक्या येऊ लागल्या. तेवढ्यात वाळक्या गवतातून तांबूस रानकुत्री एकामागून एक ओढ्यात उतरली. शर्वरीने आजोबांचा हात दाबला. ते भलतीकडेच, एका झाडाकडे बघत होते. उशीर झाला, तिला वाटलं.

हौशाने दर्शनाची नोंद उघडली. "पाहणारे किती?"

शर्वरी 'एक' म्हणणारच होती.

"दोन," आजोबा मान न वळवता म्हणाले. "मधून दिसत नाही, म्हणून कडेच्या नजरेने बघतोय. शेवटचं लंगडतंय ना?"

शर्वरीने पाहिलं. शेवटचं खरंच लंगडत होतं.

"मग पुढच्या वर्षीही येऊ," ती डोळे पुसत म्हणाली.

"येऊ. कडेची नजर टिकेल, असं डॉक्टर म्हणालेत. गुडघ्यांचं तेवढं त्यांनी काही सांगितलं नाही."