छकुलीची सावली

"जरा बाजूला व्हा... तुमची सावली पडतेय."

आमच्याच बर्फाच्या कारखान्याच्या छपरावर मलाच कुणी बाजूला व्हायला सांगावं! मी खाली पाहिलं. सोलर पॅनेलच्या रांगांमध्ये एक माणूस चक्क पालथा पडला होता. हातात खडू, कोपरांना धूळ, वाऱ्याने विस्कटलेले केस. तो सावलीची कड आखत होता.

"छप्पर माझं आहे," मी म्हणाले.

"असेल की. ऊन तर सगळ्यांचं आहे ना?" त्याने मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि धडपडत उठला. "मॅडम... म्हणजे तुम्हीच मालक?"

"मालक बाबा. मी नुसती धावपळ करते."

तो पॅनेल बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर होता. तक्रार केली होती मीच, पण हा असा न कळवता उगवेल असं वाटलं नव्हतं. शिवाय मी चिडलेली होते. उद्योजकांच्या परिषदेत, भरल्या सभागृहात, मी छातीठोकपणे सांगून बसले होते की या हिवाळ्यात आमचा कारखाना दिवसभर फक्त उन्हावर चालेल. "उन्हावर बर्फ!" म्हणून लोक पोट धरून हसले. संघटनेचे अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "दाखवा. दिसलं, तर आम्ही सगळे मिळून शहराबाहेरच्या माळावर सौर प्रकल्प उभारू. नाही दिसलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." ती सगळी मंडळी पुढच्या आठवड्यात येणार होती, आणि दुपार कलली की आमची वीज रोज मान टाकत होती.

"दोष कशात आहे?" मी विचारलं.

त्याने खडूच्या रेघेवरून बोट वर नेलं. छपराच्या कडेला, माणसाहून उंच अक्षरांचा आमचा लोखंडी फलक उभा होता — 'छकुली बर्फ'.

"उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, तेव्हा याची सावली पायाशीच राहते. हिवाळ्यात लांबते. ओळीतल्या एका पॅनेलवर पडली तरी अख्खी ओळ मंदावते." त्याने खडू खिशात टाकला. "पाहणी मीच केली होती. भर उन्हाळ्यात. तुम्ही परिषदेला गेला होतात तेव्हा. चूक माझी आहे."

काम घेणाऱ्या माणसाच्या तोंडून 'चूक माझी' हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. माझा राग कुठे ठेवावा, तेच मला कळेना.

"मग पॅनेल हलवा."

"कुठे? पलीकडचे पत्रे वजन पेलणार नाहीत. फलकच उतरवायला हवा." तो अक्षरांकडे बघत राहिला. "कोण हो ही छकुली?"

"असेल कुणीतरी," मी घाईघाईने म्हणाले.

त्याने फलकाकडे पाहिलं, मग माझ्या लाल झालेल्या कानांकडे, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "गोड नाव आहे."

त्यानंतर तो रोज येऊ लागला. सावली मोजायला, असं तो म्हणायचा. मीही रोज छपरावर जायचे. हवा खायला, असं मी म्हणायचे. खाली बर्फाच्या लाद्या साच्यातून सुटून धडधड घसरायच्या आणि वर आम्ही दोघं एका खडूच्या रेघेवरून वाद घालायचो.

"अध्यक्ष आले की सांगून टाकू का, आज जरा ढगाळ आहे म्हणून?" मी एकदा त्याला चाचपून पाहिलं.

"सांगा. पण मला विचारलं तर मी खरं ते सांगेन."

"फारच कोरडे आहात हो तुम्ही!"

"दिवसभर उन्हात काम करतो, मॅडम. ओला कसा राहीन?"

मी हसले, आणि तो माझ्या हसण्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला... मला तो आवडायला लागला होता. आडपडदा कशाला ठेवू? पण आधी दिलेला शब्द, मग बाकीचं.

आणि त्या शब्दाच्या वाटेत बाबा होते. मी जन्मले त्या वर्षी त्यांनी तो फलक स्वतः वेल्डिंग करून उभा केला होता. गुडघे गेले, तरी रोज सकाळी फाटकापाशी थांबून ते आधी त्याच्याकडे बघायचे, मगच आत यायचे.

"हवं तर कारखाना उतरव," बाबा म्हणाले, "पण फलकाला हात लावायचा नाही."

"नाव माझं आहे ना, बाबा?"

"तुझंच. म्हणून तर..."

"माझ्याच नावाची सावली माझ्या शब्दावर पडतेय. लोक हसतील त्याचं मला काही नाही. पण माळावरचा प्रकल्प बारगळेल, आणि तो माझ्यामुळे बारगळेल. मी उतरवणार आहे, बाबा. तुम्ही रागावलात तरी."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या पुढ्यातला चहा निवून गेला. बऱ्याच वेळाने ते टेबलाला धरून उठले.

"बोल्ट गंजलेत. माझ्याशिवाय कुणाला सुटायचे नाहीत. तो खडूवाला कुठंय? जिना चढायला आधार द्यायला सांग."

इंजिनियरच्या खांद्यावर हात टाकून बाबा एकेक पायरी चढू लागले. मी पाना घेऊन मागे होते.

"घरी कोण कोण असतं?" बाबांनी विचारलं.

"आई आणि धाकटी बहीण."

"लग्न?"

"बहिणीचं ठरतंय."

"मी तुमचं विचारतोय, राव!"

माझ्या हातून पाना निसटलाच. तो खणखणत खालपर्यंत गेला आणि मी तोंड लपवायला त्याच्या मागे धावले.

एकेक अक्षर उतरू लागलं. बाबांनी 'छ'वरची धूळ आपल्या बाहीने पुसली, आणि मला रडू आवरलं नाही. तरी मी पुढच्या बोल्टला पाना लावलाच.

पाहुणे आले ते मुद्दाम दुपार कलल्यावर. मी त्यांच्यादेखत बाहेरची वीज तोडली. डिझेलचा जनरेटर आधीच कुलूपबंद होता. मी कंप्रेसरच्या घरघरीकडे कान लावून उभी होते. समोर भिंतीला टेकलेल्या इंजिनियरने डोळे मिटून घेतले होते. घरघर चालूच राहिली. मग साच्यातून लादी सुटली आणि घसरत थेट अध्यक्षांच्या बुटांपाशी येऊन थांबली.

"तुमचा तो मोठा फलक कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"उन्हाच्या आड येत होता."

ते लादीकडे बघत राहिले. "आमच्या छपरावरही एक आहे," ते पुटपुटले. "माझाच फोटो आहे त्यावर." आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माळ बघायला कधी जायचं?"

संध्याकाळी मी छपरावर गेले. तो हत्यारं पिशवीत भरत होता. खाली फाटकाजवळ बाबा कामगारांकडून माझ्या नावाची अक्षरं जमिनीवर, भिंतीलगत, जराशी वाकडीच उभी करून घेत होते.

"काम संपलं," तो म्हणाला. "आता इथे यायला मला... काही कारण उरलं नाही."

मी दोन पावलं चालले आणि पॅनेलच्या पहिल्याच ओळीपुढे जाऊन उभी राहिले.

"सावली पडतेय तुमची," तो हळूच म्हणाला.

"माहितीये. पडली की वीज कमी होते. कमी झाली की मी तक्रार करणार. मग यावं लागेल ना तुम्हाला?"

"रोज?"

"रोज."

त्याने पिशवी खाली ठेवली. खिशातून खडू काढला, माझ्या पायाशी गुडघा टेकला आणि माझ्या सावलीची कड आखायला घेतली.

"हलू नकोस, छकुली," तो म्हणाला.

मी हलले नाही.